वाटीतल्या घाट्याचं पाणी

घाटा म्हणजे काही फार मोठी रांधप नाही. ज्वारीचं पीठ थंड पाण्यात कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, आधणात सोडायचं आणि दाटेपर्यंत हलवत बसायचं. चवीपुरतं मीठ. गूळ घालायची आमच्या घरी मनाई होती, गुळानं लेकराच्या पोटात जंत होतात असं सासूबाई म्हणायच्या. दात नसलेली सगळी माणसं आमच्याकडे घाट्यावर असतात, म्हातारी काय अन् तान्ही काय. त्या घाट्यापायी एकदा आमच्या घरात कोणी कोणाकडे सरळ डोळ्यानं बघेना, असं झालं होतं. माझ्या मांडीवरचं लेकरू जातं की राहतं, एवढ्यावर आलं होतं.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झालेला. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीपासून बैलगाडीच्या वाटेवर. घरात सासूबाई, माझे मालक, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे माझे भासरे, आणि मी. लेकरं दोन. एक माझी पोरगी, दुसरा भासऱ्यांचा पोरगा. त्याची आई, म्हणजे माझी थोरली जाऊ, तापानं गेली तेव्हा तो अजून पालथाही पडत नव्हता. मग काय, एका अंगाला ही आणि एका अंगाला तो, असं मी दोघांना पाजलं. दूध पुरेना झालं तसा घाटा सुरू केला.

माझी पोरगी खादाड. वाटी पुढं ठेवली की दोन्ही हात आत, आणि मी पदर सावरेपर्यंत वाटी चाटूनपुसून मोकळी. खाली थोडंफार उरलंच तर ते कडेला चिकटून घट्ट बसलेलं. पोरगा मात्र राजेसाहेब. एक चमचा घेतला की कावळ्याकडे बघणार, दुसरा घेतला की अर्धा बाहेर काढणार. मी चमच्यावर फुंकर घालायची, पोळतं का ते ओठाला लावून बघायची, मग त्याच्या तोंडात द्यायची. हनुवटीवर ओघळलेलं त्याच चमच्यानं निपटून परत वाटीत. सगळ्याच बाया असंच भरवतात. भांड्यातल्या अन्नाला आमच्या सासूबाई कोणाचं उष्टं बोट लागू देत नसत, चव पाहायची तर तळहातावर घ्यायची, पळी तोंडाला लावली तर सगळं भगुनं गाईपुढं जायचं. पण तान्ह्या लेकराच्या वाटीला उष्टं नसतं, हे त्यांनाही मान्य होतं.

असं चाललं असताना पोराची आजी आली. माझ्या जावेची आई. मी तिला मावशी म्हणायची. मोताळ्याहून बुलढाणा, बुलढाण्याहून मेहकर, तिथून सुलतानपुरावरून बीबी, अशा गाड्या बदलत, कमरेला पानाची चंची आणि डोक्यावर बोचकं घेऊन ती बाई आली. लेक गेल्यावरची पहिली खेप. आल्याआल्या नातवाला उराशी धरून रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर त्याचा दंड दोन बोटांच्या चिमटीत धरून बघितला. मग माझ्या पोरीचा बघितला. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई नुसती भेटायला आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. पोरीचं खाणं उरकलं होतं, पोराचं चालू होतं. तिनं दोन्ही वाट्यांत वाकून पाहिलं.

"बाई, एक इचारतो. दोघायचा घाटा एकाच भगुन्यातला नं?"

"हाव मावशी."

"मंग पोरीच्या वाटीतला चिकटून राह्यला, अन् माह्या नातवाच्या वाटीतला वाहून काऊन राह्यला?"

मी पाहिलं तर खरंच वाहत होता. चमचा तिरपा केला की ताकासारखी धार. खोटं कशाला बोलू, मी ते आधीही पाहिलं होतं, पण रोजच्या गोष्टीकडे कोण लक्ष देतं? लेकरू खेळत खेळत खातं, घाटा पातळ होतो, एवढंच मला माहीत. मी म्हटलं, "होते मावशी तसं. त्याले वेळ लागते नं."

"वेळ लागला तर घाटा दाटते, पातळ होत नाही. मीबी चार लेकरं वाढवले."

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. गार झाला की घाटा दाटतोच. सासूबाई आतून म्हणाल्या, "इहीणबाई, तुमच्या मोताळ्याकडं घाट्याले येसण घालत असतील." मावशी हसली नाही.

त्या दिवसापासून तिनं चुलीशेजारची जागा धरली. मी पीठ किती घेते, पाणी किती घालते, सगळं बघायची. वाढताना पाण्याचा गडवा माझ्याजवळून उचलून स्वतःच्या मांडीशी ठेवायची. दोन्ही वाट्या तिच्या डोळ्यांदेखत भरायच्या, दोन्ही सारख्या घट्ट. आणि शेवटी पुन्हा तेच, पोराच्या वाटीत पाणी. ती माझ्या पदराकडे बघायची, बाह्यांकडे बघायची, जणू मी तिथं पखाल दडवली आहे. एकदा विहिरीवर सासूबाईंना म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात, "आपलं ते आपलं असते इहीणबाई, जावेचं ते जावेचं. तिचाबी दोष नाही." हे "तिचाबी दोष नाही" मला जास्त झोंबलं.

सासूबाई माझ्या बाजूच्या. पण त्याही एक दिवस मला कोठीत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मले खरं सांग. मी कोनाले बोलनार नाही." एवढी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती.

आता माझंही ऐका. मीही काही साधी नव्हते. माझा संशय सरळ मावशीवर. माझ्या मनानं घेतलं की हिची लेक गेली, हिला नातू पाहिजे, म्हणून हीच काहीतरी करते आणि माझ्यावर ढकलते. तिची ती चंची. त्यात पान, कात, सुपारी, अडकित्ता आणि चुन्याची डबी. मला वाटायचं, मी पोराचं तोंड पुसायला वळले की ही नखभर चुना वाटीत टाकते. मी वाटी हुंगून पाहिली. ज्वारीशिवाय कसला वास नाही. तिची बोटं पाहिली. मग भरवताना मी तिच्याकडे पाठ करून बसायला लागले. मी पाठ केली की तिचा संशय वाढायचा, तिचा वाढला की माझा. दोघी एका चुलीसमोर बसायचो आणि एकमेकींच्या हातांवर पहारा करायचो. पोरगं मध्ये बसून कावळे बघायचं.

भासरे ओसरीवर दोर वळत बसलेले असायचे. बायको गेल्यापासून ते फार बोलत नसत. त्यांच्यासमोर मी तोंड उघडायचं नाही अशी रीत, म्हणून दाराआडून ऐकलं. मावशीनं नातवाला मोताळ्याला न्यायचं काढलं, तसे ते सासूबाईंना म्हणाले, "नेऊ दे त्याइले. इथं काय अन् तिथं काय, लेकरू जगलं पायजे. येत्या बाजाराच्या गाडीनं जातीन दोघं."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. पोरगं माझ्या दुधावर जगलेलं. रात्री झोपेत त्याचा हात माझ्या गळ्यातल्या पोतीत अडकलेला असायचा. त्याला मोताळ्याला नेणार, तेही मी त्याच्या तोंडचं खाल्लं म्हणून.

मी मावशीसमोर जाऊन म्हटलं, "मावशी, तुम्हीच रांधा अन् तुम्हीच भरवा. मी चौकटीच्या आत पाय टाकत नाही."

तिला हेच पाहिजे होतं. तिनं शेजारणीकडची ज्वारी मागितली, आमची नको. स्वतः जात्यावर बसून दळली. पळी उभी राहील असा घाटा केला आणि नातवाला मांडीवर घेऊन बसली. मी चौकटीबाहेर, हात गुडघ्यांवर. ती फुंकर घालत होती, ओठाला लावत होती, "घे माह्या राजा" करत होती, आणि राजा आपल्या चालीनं खात होता. अर्धी वाटी झाली असेल. तिचा हात थांबला. तिनं चमचा वर धरून तिरपा केला. धार लागली.

तिनं वाटी उचलून खालून पाहिली. बूड पदरानं पुसलं. आजूबाजूची जमीन चाचपली, ओली आहे का म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी ही बाई म्हणेल की चुकलं माझं. ती म्हणाली, "तू चौकटीतून नदर लावली."

पण तिलाही ते पटलं नसावं, कारण संध्याकाळी तिनं वेगळंच काढलं, आणि ते जास्त वाईट होतं. "माही लेक भुकेली गेली," ती सासूबाईंना म्हणाली. "तापात तिच्या तोंडात दाणा नव्हता. तीच येऊन लेकराच्या वाटीतलं पिऊन राह्यली." सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लिंबू आणलं, उंबऱ्यावर ठेवलं, आणि पोराचे कपडे धुऊन घडी करायला घेतले. म्हणाल्या, या घरात तसं काही असंल तर लेकराला इथं ठेवणं बरं नाही. आतापर्यंत पोरगं माझ्यामुळं जाणार होतं. आता मेलेल्या जावेमुळं जाणार होतं. तिच्याशी तर भांडताही येत नव्हतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी माझ्या पोरीला दाढेचा त्रास सुरू झाला. हिरड्या सुजलेल्या, अंग कोमट, वाटीत हात घालीना. मग तिलाही मी पोरासारखंच मांडीवर घेतलं आणि चमच्यानं भरवलं. फुंकर, ओठ, तिचं तोंड, हनुवटी, परत वाटी. ती रडत रडत खात होती, खूप वेळ लागला. आणि तिच्या वाटीत पाणी झालं.

आधी मी घाबरलेच. म्हटलं, आता हिच्याही मागं लागली का जाऊबाई? पण मग तशीच बसून राहिले आणि विचार करायला लागले. भगुन्यात उरलेला घाटा मी कालथ्यानं उचलून पाहिला, तो दगडासारखा. पीठ तेच, पाणी तेच, चूल तीच. रोज पोरीच्या वाटीत चमचा जात नव्हता आणि वाटी क्षणात संपायची, आज चमचाही गेला आणि वेळही. चमचा कुठून कुठं जातो? तोंडातून वाटीत. भगुन्यात मात्र आमच्या घरी कोणाचं तोंड कधीच लागत नाही. म्हणून भगुन्यातला घाटा पातळ होताना या घरात कोणी पाहिलेलाच नाही.

मी मावशीला म्हटलं, "नेता तर न्या सकाळी. पण आज माझं एक ऐका. घाटा तुम्हीच करा. दोन वाट्या भरा, दोन्ही तुमच्या पुढ्यात ठेवा, मी दूर बसते."

"अन् काय करू?"

"बोट पोळणार नाही एवढा निवू द्या. मग एक चमचा तोंडात घालून चांगला चाटा अन् एका वाटीत फिरवा. दुसऱ्या वाटीत कोरा चमचा फिरवा."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. "शी बाई. बाईमाणसानं जाणूनबुजून उष्टं करायचं?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली, यात काय डाव आहे ते शोधत. पण केलं तिनं. ओसरीवर भर उजेडात दोन्ही वाट्या पुढ्यात घेऊन बसली, एक हात एका वाटीवर, एक हात दुसरीवर. चमचा चाटला, फिरवला, परत चाटला, परत फिरवला. मी पार तिकडे जोत्याला टेकून. सासूबाई म्हणाल्या माझं लक्ष नाही, पण मान वळवून वळवून बघत होत्या. पान लावून चघळून होईल एवढाही वेळ गेला नसेल. चाटलेल्या वाटीतला घाटा सैल पडला, मग पसरला, मग वाटी हलवली की डुचमळायला लागला. कोऱ्या चमच्याची वाटी होती तशी घट्ट.

"म्हंजे थुंकीनं?" मावशी म्हणाली.

"तुमच्या थुंकीत जहर आहे इहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "मले पयलेच ठावं होतं."

"असं? मंग आता तुम्ही चाटा."

"मी नाही बाई."

"काऊन? तुमचं अमृत निघते का पाहू."

सासूबाईंनी खूप नाही म्हटलं. मग घट्ट घाट्याची वाटी आणि चमचा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या, आम्हाला पाठ. थोड्या वेळानं वाटी आणून खाली ठेवली. तीही डुचमळत होती. मावशी पहिल्यांदा हसली, पण लगेच थांबली. हसून माझी सुटका होईल असं तिला वाटलं असणार.

"मानलं," ती म्हणाली. "कोनी पाणी घातलं नाही. पण घाट्याचा कस तर गेला नं. माहा नातू पाणीच पिऊन राह्यला."

"वाटीतून बाहेर काही गेलं का मावशी? जेवढं पीठ घातलं तेवढं आतच आहे. चाखून पाहा."

तिनं आपल्याच उष्ट्या वाटीतला घोट घेतला. जीभ फिरवली. माझ्याकडे तोच जुना डोळा. "गूळ टाकला काय वं यात?"

"तुम्हीच रांधला. मिठाशिवाय काही नाही."

तिनं भगुन्यातला उष्टा न झालेला घाटा चाखला, परत वाटीतला चाखला. पुन्हा एकदा. एक सपक, एक गोडसर. मग चंची सोडून सुपारी कातरत बसली.

थुंकीत काय असतं ते मात्र आमच्यातल्या कोणाला सांगता आलं नाही. मी शाळा पाहिलेली नाही. लेकरं शाळेत जायला लागली तेव्हा चुलीपाशी त्यांच्याबरोबर अक्षरं गिरवली, आणि मग त्यांची पुस्तकं त्यांच्याआधी मीच वाचून काढू लागले. पोरगी वरच्या वर्गात गेली तेव्हा तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला आमचा घाटा सापडला. लाळेत विकर नावाची वस्तू असते, असं लिहिलं होतं. ज्वारीच्या पिठात साखरेच्याच कणांच्या लांब लांब माळा असतात, शिजल्या की त्या पाणी धरून एकमेकीत गुंततात, म्हणून घाटा दाटतो. विकर त्या माळा तोडतं. तुकडे बारीक झाले की गुंता सुटतो, घाटा वाहतो, आणि ते तुकडे जिभेला गोड लागतात. आपोआप तुटायला त्या माळांना किती काळ लागला असता देव जाणे. लाळ लागली की पान खाऊन होईपर्यंत काम होतं.

माझ्या डोळ्यांसमोर मावशीचा अडकित्ताच आला. तो सुपारी कातरतो, ढिगानं कातरतो, पण स्वतः काही सुपारीत जात नाही. पुस्तकातही तेच होतं. उत्प्रेरक म्हणून एक जात आहे, ती काम भरभर करवून घेते आणि स्वतः होती तशी राहते, विकर हे त्यातलंच, पण जिवंत अंगात तयार होणारं. शेंगदाण्याच्या तेलाचं वनस्पती तूप करतात त्यातही निकेल नावाच्या धातूची पूड असंच काम करते आणि शेवटी गाळून काढतात, असंही लिहिलं होतं. ती सगळीच्या सगळी निघते कशावरून, हा माझा प्रश्न. पोरगी म्हणाली, "आई, पुस्तकात लिहिलं आहे." मी म्हटलं असू दे. मी काही ते तूप घरात आणलं नाही.

एक गोष्ट पुस्तकावर विश्वास न ठेवता मी करून पाहिली. विकर उकळलं की निकामी होतं, असं होतं. मी उष्टा चमचा रटरटत्या घाट्यात फिरवला आणि थांबले. घाटा ढिम्म. तेव्हा लक्षात आलं. त्या दिवशी मावशीनं निवू न देता गरमागरम वाटीत चमचा फिरवला असता तर दोन्ही वाट्या घट्ट राहिल्या असत्या, आणि मी कायमची खोटी ठरले असते.

तर बाजाराचा दिवस उजाडला. सासूबाईंनी पोराचे कपडे गाठोड्यात बांधलेलेच होते. ते गाठोडं सोडा असं मावशी म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. गाडीत मी, ती आणि दोन्ही लेकरं. बीबीपर्यंत तिनं नातवाला मांडीवरून उतरवलं नाही. एसटी आली, लोक चढायला लागले. ती उठली, गाठोडं माझ्या पायाशी टाकलं आणि पोरगं माझ्या हातात दिलं.

"राहू दे त्याले," ती म्हणाली. "पण तुह्यावर इस्वास बसला असं समजू नको."

"मंग काऊन ठेवता?"

"माह्या हातचं खाताना तो दाराकडंच पाहत होता." मग तिनं त्याचा दंड चिमटीत धरला, माझ्या पोरीचा धरला. "याचा दंड तिच्या दंडावानी झाला पायजे. मी येऊन पाहीन. सांगून येनार नाही."

मला राग आला होता. गाडी वळली तरी तिचं तोंड खिडकीतून आमच्याकडंच.

खरंच ती न सांगता आली, तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत. बोचकं खाली न ठेवता पोराजवळ गेली. तोवर त्यानं चांगलं बाळसं धरलं होतं, पातळ घाटा त्याला मानवला होता, आणि माझी पोरगी दातांच्या तापानं जरा उतरली होती. मावशीनं त्याचा दंड चिमटला. मग पोरीचा चिमटला. मग पुन्हा त्याचा.

"काऊन वं," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीले उपाशी ठेवतं काय?"